स्पेशल कॉन्स्टेबलसाठी रिस्पॉन्स ड्रायव्हिंगचा कोर्स: माझा अनुभव आणि माझं मत

जानेवारीतली शुक्रवारची रात्र होती. मी आणि माझा जोडीदार, दोघंही स्पेशल कॉन्स्टेबल, पोलिसांच्या गाडीत. रेडिओवर कॉल आला: एक बाई बाथरूममध्ये स्वतःला कोंडून बसली आहे आणि बाहेर नवरा दारावर लाथा घालतोय. आम्ही तिथून जेमतेम तीन मैलांवर. सगळ्यांत जवळची गाडी आमचीच. पण माझ्याकडे तेव्हा फक्त साधा परवाना होता, म्हणजे पोलिसांची गाडी चालवता येईल, पण निळे दिवे आणि सायरन लावून धावता येणार नाही. तीन मैलांत पाच सिग्नल लागले आणि पाचही ठिकाणी मी बाकीच्या गाड्यांसारखी थांबले. दुप्पट अंतरावरून निघालेली रेग्युलर, म्हणजे पगारी पोलिसांची गाडी आम्हाला मागे टाकून गेली, आणि ते दार त्यांनीच उघडवलं. बाई सुखरूप होती. पण चौथ्या सिग्नलला लाल दिव्याकडे बघत काढलेलं ते मिनिट माझ्या मनातून गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिस्पॉन्स ड्रायव्हिंगच्या, म्हणजे निळे दिवे आणि सायरन लावून गाडी चालवायच्या कोर्ससाठी अर्ज केला. नंबर लागायला चौदा महिने गेले.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा इथे येऊ घातलेल्या मराठी मंडळींपैकी कुणी स्पेशल व्हायचा विचार करत असेल, तर या कोर्सबद्दल मराठीत वाचायला मिळावं म्हणून लिहिते आहे. स्पेशल कॉन्स्टेबल म्हणजे बिनपगारी, स्वेच्छेने काम करणारा पोलिस. आपल्याकडचा होमगार्ड डोळ्यांपुढे येतो, पण एक मोठा फरक आहे: इंग्लंड-वेल्समधल्या स्पेशलला अटकेसकट कॉन्स्टेबलचे सगळे अधिकार असतात. इथे स्पेशल कॉन्स्टेबलसाठीचा कायदा १८३१ सालापासून आहे, इतकी ही व्यवस्था जुनी. दिवसा मी एका औषध-वितरण कंपनीत साठ्याचं नियोजन करते. महिन्यातून तीन-चार रात्री आणि एखादा रविवार गणवेशात जातो. कोर्स कुठे केला ते लिहीत नाही. मिडलंड्समध्ये केला, एवढं पुरे.

कोर्स तीन आठवड्यांचा, सोमवार ते शुक्रवार. फी नाही, प्रवासखर्च मिळतो. खरी किंमत मोजावी लागते ती रजेत. इथे पूर्णवेळ नोकरदाराला कायद्याने वर्षाला किमान २८ दिवस भरपगारी रजा मिळते, आणि मालकाला त्यात सार्वजनिक सुट्ट्याही मोजता येतात. त्यातले पंधरा दिवस एका कोर्ससाठी म्हणजे वर्षाची सुट्टी संपलीच. मला कंपनीने पाच दिवस दिले आणि दहा मी माझे घातले. मुलाला घेऊन उन्हाळ्यात गावी जायचं होतं, ते राहिलं. हे त्याला आधी सांगितलं आणि मगच होकार कळवला.

एका गाडीत एक प्रशिक्षक आणि आम्ही तिघं: मी आणि पंचविशीतले दोन रेग्युलर. एक जण चालवणार, बाकीचे बसून बघणार. सुरुवातीला वाटलं, इतका वेळ नुसतं बसून काय शिकणार? पण मला सर्वांत जास्त फायदा मागच्या सीटवर झाला. स्टिअरिंग हातात नसलं की चालवणाऱ्याची नजर कुठे अडकते ते स्वच्छ दिसतं, आणि थोड्या वेळाने आपलीही तिथेच अडकत होती हे लक्षात येतं.

पहिल्या आठवड्यात निळ्या दिव्याच्या बटणाला हातसुद्धा लावायचा नाही. आधी जुन्या सवयी मोडायच्या. माझी सगळ्यांत घट्ट सवय म्हणजे चौक जवळ आला की एका पायाने ब्रेक आणि त्याच वेळी गिअर खाली. इथे ते चालत नाही. ब्रेक वेग कमी करण्यासाठी, गिअर पुढे जाण्यासाठी. आधी ब्रेकने हवा तेवढा वेग आणायचा, मग एकदाच योग्य गिअर टाकायचा, आणि ब्रेक मारताना दोन्ही हात स्टिअरिंगवर. इथल्या पोलिस ड्रायव्हिंगचा सगळा डोलारा पाच गोष्टींच्या एका क्रमावर उभा आहे: माहिती, रस्त्यावरची जागा, वेग, गिअर, ॲक्सिलरेशन. त्यातली माहिती घेणं कधीच थांबत नाही, बाकीच्या चारही टप्प्यांत ते चालूच असतं. हे पाठ करायला पाच मिनिटं लागतात. अंगात मुरायला मला आठ दिवस लागले, आणि मी अठरा वर्षं गाडी चालवते आहे.

त्या आठवड्यात मला सगळ्यांत जड गेलं ते बोलणं. चालवताना जे दिसतंय, त्यावरून पुढे काय घडू शकतं आणि त्यासाठी आपण काय करणार, हे सतत मोठ्याने बोलायचं असतं. त्याला कॉमेंटरी म्हणतात. मी इंग्रजीत बोलायला लागले की वाक्य जुळवण्यातच डोकं गुंतायचं आणि नजर दूरवरून आखडत बॉनेटपाशी यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर जाताना स्वतःच्या गाडीत मराठीत बोलून पाहिलं. "घराघरांपुढे कचऱ्याच्या बादल्या आल्यात, म्हणजे कचऱ्याची गाडी इथेच कुठेतरी. थांब्यावर बस, उजवा दिवा लागला, निघतेय. रस्त्यावर ओला चिखल, ट्रॅक्टर आत्ताच वळलाय. झुडपांच्या कुंपणावरून दोन हेल्मेटं वर-खाली होतायत, घोडेस्वार आहेत, हळू घे." शब्द धबधब्यासारखे आले आणि नजर पार रस्त्याच्या टोकाला गेली.

प्रशिक्षकांना हे सांगितलं. निवृत्तीच्या आसपासचे शांत गृहस्थ. म्हणाले, "आज दहा मिनिटं तुझ्या भाषेत बोल. परीक्षा मात्र इंग्रजीतच होईल." दहा मिनिटं मी मराठीत बोलले आणि त्यांनी एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले, "शब्द एकही कळला नाही, पण तुझी नजर कुठे होती ते सगळं कळलं." त्यानंतर इंग्रजी आपोआप सुटी झाली. घरी इंग्रजी न बोलणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन: आधी आपल्या भाषेत डोळे तयार करा, भाषांतर नंतर होतं.

दुसरा आठवडा गावाकडच्या रस्त्यांचा. दोन्ही बाजूंना उंच झुडपी कुंपणं, मध्ये अरुंद रस्ता, आणि कायद्याने परवानगी ताशी ६० मैलांची. मी घाटरस्त्यांवर वाढलेली. आमच्याकडे वळणावर हॉर्न मारायचा आणि समोरच्याच्या हॉर्नला कान द्यायचा. इथे सगळी भिस्त डोळ्यांवर. वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा दूर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्याला लिमिट पॉइंट म्हणतात. तो आपल्याकडे धावत येत असेल तर वळण आवळतंय, वेग कमी करा. आपल्याइतक्याच वेगाने पुढे सरकत असेल तर वेग बरोबर आहे. लांब पळायला लागला की वळण सुटतंय, आता वेग देता येईल. हा एक बिंदू धरला की वळणाची अर्धी भीती जाते. दिसतंय तेवढ्या मोकळ्या रस्त्यात, आपल्याच बाजूला, गाडी थांबवता आली पाहिजे, हा त्यामागचा नियम. विजेच्या खांबांवर भरवसा ठेवू नये हेही तिथेच शिकले. एका ठिकाणी खांबांची रांग सरळ शेतात गेली होती आणि रस्ता डावीकडे कलला होता. माझ्या गाडीतला एक रेग्युलर खांबांच्या मागे निघाला. प्रशिक्षकांनी आवाज न चढवता त्याला सावध केलं.

वेगाचं गणित वर्गात फळ्यावर मांडलं तेव्हा मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. ताशी ३० मैलांना थांबायला २३ मीटर लागतात आणि ६० मैलांना ७३. वेग दुप्पट, अंतर तिपटीहून जास्त. ६० मैलांना गाडी एका सेकंदात जवळजवळ २७ मीटर जाते. रेडिओच्या बटणाकडे बघायला एक सेकंद पुरतो. शिवाय ही अंतरं कोरड्या रस्त्याची आणि जागरूक चालकाची. जागरूक चालक, हा शब्द लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

कायद्याचा दिवस रटाळ होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. सायरन लावला की पोलिसांना सगळं माफ, हा समज पहिल्या तासातच गेला. वेगमर्यादा ओलांडण्याची सवलत १९८४ च्या कायद्यातल्या कलम ८७ मध्ये आहे, आणि ती मर्यादा पाळल्याने कामात अडथळा येणार असेल तेव्हाच लागू होते. लाल सिग्नल ओलांडता येतो, पण कुणाला धोका होता कामा नये, आणि अपघात टाळण्यासाठी दुसऱ्या चालकाला वेग किंवा दिशा बदलावी लागता कामा नये. म्हणजे लाल दिवा आपल्यासाठी हिरवा होत नाही, तिथे "इतरांना आधी जाऊ द्या" एवढाच त्याचा अर्थ उरतो. 'स्टॉप'च्या पाटीला सूट नाही, तिथे थांबायचंच. धोकादायक ड्रायव्हिंगच्या गुन्ह्याला तर अजिबातच सूट नाही. २०२२ च्या कायद्याने एक महत्त्वाचा बदल केला: पूर्वी पोलिस चालकाचं ड्रायव्हिंग सर्वसाधारण सावध चालकाच्या मापाने मोजलं जायचं, आता ते तसंच प्रशिक्षण घेतलेल्या सावध पोलिस चालकाच्या मापाने मोजलं जातं. हे संरक्षण प्रशिक्षण घेतलेल्यालाच आहे. बिनपगारी म्हणून आम्हाला वेगळं माप नाही. आणि नसावं, असंच माझं मत आहे. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला समोरून येणाऱ्या गाडीतला पोलिस पगारी आहे की नाही याच्याशी काय करायचंय? म्हणूनच आमच्यासाठी छोटा किंवा सोपा कोर्स असावा ही मागणी मला पटत नाही.

तिसरा आठवडा निळ्या दिव्यांचा. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा तळहातांना घाम फुटला होता. समोरचा सगळा रस्ता एकदम विचित्र वागायला लागतो. कुणी चढाच्या माथ्यावर थांबतो, कुणी वळणात ब्रेक मारतो, कुणी आधी डावीकडे आणि मग उजवीकडे घेतो. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. घाबरलेला माणूस असाच वागणार. त्याला घाबरवलं आपण, तेव्हा सांभाळून घ्यायचंही आपण. दिवे त्याच्या आरशात दिसतील अशा जागी गाडी ठेवायची, त्याला विचार करायला वेळ द्यायचा, आणि तो जागा करून देईपर्यंत ती आहे असं धरायचं नाही.

त्या आठवड्यातल्या बुधवारची एक गोष्ट मी आयुष्यभर विसरणार नाही. सिग्नल लाल, पुढे चार गाड्या, उजवीकडून जायला जागा नाही. सायरन चालू. रांगेतल्या पहिल्या छोट्या गाडीत एक आजोबा होते. आम्हाला वाट द्यायला त्यांनी गाडी रेषेच्या पुढे, आडव्या वाहतुकीत सरकवायला सुरुवात केली. प्रशिक्षक फक्त दोन शब्द बोलले: "सायरन बंद." मी बंद केला. आजोबा थांबले. मग प्रशिक्षक सांगत राहिले, "लाल सिग्नल ओलांडायची मुभा तुला आहे, त्यांना नाही. तू त्यांना तिथे ढकललंस तर दंड त्यांना होईल, आणि धडक बसली तर तीही त्यांनाच." आम्ही वीसेक सेकंद नुसते उभे राहिलो. सिग्नल हिरवा झाला, रांग सुटली, मी सायरन पुन्हा लावला. ज्या लाल दिव्यापुढे उभं राहावं लागलं म्हणून मी या कोर्सला आले, त्याच लाल दिव्यापुढे, हातात सगळी मुभा असताना, मी आपणहून उभी होते. या वेळी मनाला टोचलं नाही.

'रेड मिस्ट'वर एक तास झाला, तो तीन तास असायला हवा होता. पोहोचायच्या ध्यासाने माणसाला आजूबाजूचं दिसेनासं होतं, त्याला हे लोक लाल धुकं म्हणतात. एखाद्या बाईच्या किंवा लहान मुलाच्या जिवाचा कॉल असला की हे धुकं लवकर दाटतं. उपाय पुन्हा तोच: बोला. मोठ्याने बोलणाऱ्या माणसाला पुढचा चौक दिसत राहतो. कॉलचा तपशील शेजारच्याने ऐकायचा, चालकाने फक्त रस्ता बघायचा.

आता तक्रारी. कोर्सची तारीख मला फक्त बारा दिवस आधी कळली. रेग्युलर पोलिसाची ड्यूटी बदलून देता येते, पण माझ्या कंपनीत महिनाअखेरीचं नियोजन दुसऱ्याच्या गळ्यात घालावं लागलं आणि त्याची नाराजी अजून गेलेली नाही. स्पेशलना किमान दोन महिने आधी तारीख मिळाली पाहिजे. रात्रीचं ड्रायव्हिंग एकच रात्र झालं. स्पेशल लोक काम करतात मुख्यतः शुक्रवार-शनिवारच्या रात्रीच, म्हणजे ज्या वेळेत आम्ही खरोखर चालवणार त्या वेळेचा सराव सगळ्यांत कमी. आणि पास झाल्यावर पहिले सात आठवडे मला रिस्पॉन्सची गाडी मिळालीच नाही, कारण दर वेळी गाड्या रेग्युलरना आधी दिल्या गेल्या. ताजं कौशल्य सात आठवडे कपाटात ठेवायचं आणि मग एका पावसाळी रात्री थेट बाहेर काढायचं, हे बरोबर नाही. आठव्या आठवड्यात मी स्वतः प्रशिक्षकांना फोन करून अर्ध्या दिवसाची उजळणी मागितली. त्यांनी ती दिली, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण ती मागावी लागू नये.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे, आणि हे सगळं लिहायचं कारणही तीच.

रोज गाडी घेण्याआधी एक तपासणी करायची असते. सात इंग्रजी अक्षरांत ती बसवली आहे: पी म्हणजे पेट्रोल, ओ म्हणजे ऑइल, डब्ल्यू म्हणजे पाणी, डी म्हणजे कुठे ठोकर-ओरखडा, ई म्हणजे दिवे आणि सायरन, आर म्हणजे रबर, अर्थात टायर. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, ती मोजून बघायची. शेवटचं अक्षर वाय, युवरसेल्फ. तू स्वतः. पहिल्या सहा अक्षरांना आम्ही रोज वीस मिनिटं दिली. सातव्याला एक वाक्य: "तब्येत ठीक ना? झोप झाली ना? चला."

कोर्सच्या तीन आठवड्यांत आम्ही रात्री झोपून, सकाळी न्याहारी करून येत होतो. खऱ्या शुक्रवारी मी तशी येत नाही. सकाळी सहाला उठते, आठ तास आकडे बघते, मुलाला क्लासला सोडते, उभ्या-उभ्या काहीतरी खाते आणि सातला गणवेश चढवते, रात्री तीनपर्यंत. रेग्युलर पोलिसाचा ड्यूटीतला पहिला तास तो माझा जागेपणाचा चौदावा तास असतो. थांबण्याचं अंतर जागरूक चालकासाठी आहे, हे फळ्यावर लिहिणाऱ्या कोर्सने समोर बसलेल्या स्पेशलला हे विचारायलाच हवं होतं: आज नोकरीवर किती तास झाले? किती झाले की चावी घ्यायची नाही? आणि ते सार्जंटला कुठल्या शब्दांत सांगायचं? हे शेवटचं सगळ्यांत अवघड. स्पेशलला आधीच वाटत असतं की रेग्युलर आपल्याला हौशी समजतात. त्यात चौदा महिने थांबून मिळवलेला परवाना खिशात असताना "आज नको" म्हणायला जीभ वळत नाही. मी अभिप्रायाच्या फॉर्मवर हे सविस्तर लिहिलं आहे. उत्तर आलं की पुढच्या तुकडीत स्पेशलांसाठी यावर वेगळा तास ठेवण्याचा विचार आहे. तो ठेवावाच.

तरी कोर्स करावा का? करावा. मी घेतलेल्या कुठल्याही शिक्षणात इतकं जिवंत, इतकं काटेकोर शिकवणं पाहिलेलं नाही. साध्या गाडीत मुलाला शाळेत सोडतानासुद्धा मी वेगळी चालवते. अर्ज केल्या दिवशीच मालकाशी बोला. पोलिसांत स्वेच्छेने काम करणाऱ्या नोकरदारांना रजा देणाऱ्या मालकांसाठी इथे 'एम्प्लॉयर सपोर्टेड पोलिसिंग' नावाची योजना आहे, तिची माहिती त्यांच्यापुढे ठेवा. आधीचा महिनाभर रोज कॉमेंटरीचा सराव करा, मराठीतच करा.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आमच्या गोदामात साठामोजणी होती. पहाटे पाचपासून पायावर उभी होते. संध्याकाळी ठाण्यावर आले, गाडीभोवती फिरले, टायर पाहिले, दिवे पाहिले, सायरन तपासला. मग सातव्या अक्षराशी थांबले. आत जाऊन सार्जंटबाईंना म्हटलं, "आज मी चालवणार नाही." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, फळ्यावरचं माझं नाव पुसलं, तिथे माझ्या जोडीदाराचं लिहिलं आणि चावी त्याच्या हातात दिली. तोही याच कोर्समधून पास झालेला. साडेअकराच्या सुमारास मारामारीचा कॉल आला. तो निळ्या दिव्यांत गाडी काढत होता आणि मी डावीकडच्या सीटवरून रेडिओ सांभाळत, प्रत्येक चौकात मान वळवून सांगत होते, "डावीकडून मोकळं. डावीकडून मोकळं. थांब, सायकल आहे. आता मोकळं."